दिगूची गाडी आणि माझा पगार

ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याने आधी एवढं समजून घ्यावं, की माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर असं की माझी सामानाची यादी वाणी दोनदा विचारून घेतो. चुका पोटात घालाव्यात. मी लहानपणापासून बुजरी. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी कुणाच्या तरी मागे उभी राहते. जे तोंडाने सांगायचं राहून गेलं ते हाताने तरी उतरतंय का, ते बघायला बसले आहे.

दिगू गेला त्याला आता सहा आठवडे होतील. दिगंबर, माझा धाकटा भाऊ. गुरुवार होता, अकरा वाजले असतील. मी डोंबिवलीच्या माझ्या खोलीत मशीनवर बसून एका ब्लाउजच्या बाहीला अस्तर लावत होते. फोनवर त्याचं नाव आलं. दिगू कामाच्या वेळेत फोन करत नसे, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हटलं, "काय रे, आज सुट्टी घेतलीस की काय?" पलीकडे दुसराच माणूस होता. "तुम्ही दिगंबरदादांच्या कोण?" त्याने विचारलं. भिवंडी रस्त्यावर बसच्या बॉड्या बांधायचा कारखाना आहे, तिथे दिगू साडेतीन वर्षं कामाला होता. चहा घेऊन पत्र्याला टेकून बसला, छातीत कळ आली म्हणाला, आणि रिक्षा येईपर्यंत संपलं होतं... हे सगळं सांगण्याआधी त्या भल्या माणसाने मला विचारलं, "तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे ना?" मी "आहे" म्हटलं. कुणी नव्हतं. माझ्या नवऱ्याला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आम्हाला मूलबाळ नाही. पण परक्या माणसासमोर आपल्या घरचं उणं दिसू नये, म्हणून माझ्या तोंडून अशी उत्तरं चटकन निघतात.

असंच एक उत्तर मी चार वर्षांपूर्वी दिलं होतं, आणि त्यात दिगूची गाडी गेली. त्याने मला माफ केलं होतं की नुसतं सहन केलं होतं, हे मला त्याला कधी विचारता आलं नाही. दिवस वार झाले, लोक येऊन गेले, आणि तेवढा एक प्रश्न माझ्यापाशी राहिला. म्हणून लिहिते आहे.

आमचे आईवडील कोकणातून आले आणि वर्तकनगरला एका खोलीत राहिले. वडील कंपनीत, आई औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायच्या कामाला. मी चौथीत असताना दिगू झाला. त्याला कुणी सांभाळायचं म्हणून मी शाळेतून घरी आले ती आलेच. मला त्याचं वाईट वाटलं असं नाही, कारण वर्गात बाई उभं करायच्या तेव्हा मला रडूच यायचं. दिगूला मी कडेवर घेऊन फिरवलं, त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं, मला येत होती तेवढी. पुढे तो आयटीआय झाला, साचे बनवायचं काम शिकला आणि कोलशेतला खाडीच्या अंगाला एक गाळा भाड्याने घेऊन फायबरची कामं करू लागला. पाण्याच्या टाक्या, दुकानाच्या पाट्या, रिक्षाचे मडगार्ड. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "बघू." दोन भावंडांत एक तरी बोलकं असावं, पण तोही माझ्याच वळणाचा निघाला.

मग एकदा नौपाड्यातल्या दातांच्या डॉक्टर मेघना त्याच्याकडे आल्या. त्यांना गाड्यांच्या शर्यतीत भाग घ्यायचा नाद. एकाच माणसाने बसायची, चाकं उघडी असलेली, जमिनीला चिकटून पळणारी ती गाडी असते. त्यांच्या जुन्या गाडीचं नाक फुटलं होतं, ते दिगूने बसवून दिलं. ते करताना त्याने गाडी सगळी उलटीसुलटी पाहिली आणि त्याचं डोकं तिथेच अडकलं. वर्षभराने तो मला म्हणाला, "ताई, आपण पूर्ण गाडी बांधायची. डॉक्टर चालवणार. त्या सामानाचे पैसे घालतायत, मी काम घालतो." मी विचारलं, "आणि मी?" तो म्हणाला, "तू ये की. तुझा हात कापडाला बसलेला आहे."

झालं ते असं. फायबरची बॉडी म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड साच्यावर बसवायचं, त्यावर राळ चोपडायची, एक थर वाळला की दुसरा. नाकाच्या गोलाव्यावर कापड नीट बसेना, सुरकुत्या पडत. दिगू तिथे कापडाला चिरा देऊन जोड लावायचा, आणि जोड आला की तो जाड होतो, म्हणजे वजन आलं. मी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातातली कात्री घेतली आणि कापड उरेब कापलं, म्हणजे सरळ धाग्यात नाही, तिरकं. ब्लाउजची कटोरी अशीच कापतात, तिरकं कापड अंगाबरोबर वळतं. ते साच्यावर टाकलं तर एक सुरकुती नाही. दिगू बराच वेळ हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तीन थर लागणार होते तिथे दोनच लागतील गं." त्या दिवसापासून मी रोज डोंबिवलीहून जायला लागले. सकाळी हातांना पावडर चोळायची, कारण काचेचा धागा कातडीत शिरला की रात्रभर खाज सुटते. संध्याकाळी गार पाण्याने धुवायचं, गरम लावलं तर मेलेच. ब्लाउजची गिऱ्हाइकं मी हळूहळू सोडून दिली. ऑगस्टपासून सहा महिने. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले ते सहा महिने होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

दिगू घरी मुका आणि गाड्यांबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. मला समजेल अशा बेताने सांगायचा. या शर्यतीत सगळ्यांना इंजिन एकच, मोटरसायकलचं, आणि त्याला मोहोर लावलेली. उघडलं तर बाद. टायर सगळ्यांना सारखे आणि मोजून दिलेले. माणसासकट गाडीचं वजन अमक्याखाली जाता कामा नये. मी म्हटलं, "मग सगळ्यांच्या गाड्या सारख्याच पळतील की." तो म्हणाला, "तेच तर. जिथे हात बांधलेत तिथे सगळे सारखे. जिथे मोकळे आहेत तिथे कोण काय ठरवतो, त्यावर शर्यत." गाडी आखूड केली तर वळणावर चपळ वळते, पण सरळ रस्त्यावर थरथरते, लांब केली तर उलटं. मागचा पंख उभा ठेवला तर गाडी वळणात जमिनीला धरून राहते, पण सरळ पळताना तोच पंख वारा अडवतो. काहीही घ्यायचं तर दुसरीकडे काहीतरी सोडायचं. वजनाचं तर मला वेडेपणाचंच वाटलं. आधी ग्रॅमग्रॅम वाचवून गाडी नेमापेक्षा हलकी करायची आणि मग खालून शिशाचे तुकडे लावून वजन परत भरायचं. मी हसले तर म्हणाला, "वजन तेवढंच राहतं ताई, पण कुठे ठेवायचं ते आपण ठरवायचं. खाली ठेवलं की गाडी पाय रोवून उभी राहते." माझ्या नाकातले वाचलेले थर शिसं होऊन सीटखाली गेले होते.

सीटचीही एक गंमत झाली. डॉक्टरांना दवाखान्यातून यायला वेळ मिळेना आणि त्या माझ्याच मापाच्या, बुटक्या. तेव्हा दिगूने मलाच सांगाड्यात बसवून सीटचं माप घेतलं. माणूस जितका खाली निजल्यासारखा बसेल तितकी गाडी ठेंगणी करता येते आणि वारा कमी लागतो. मी पाय लांब करून त्या नळ्यांच्या पिंजऱ्यात पडले होते, साडीवर त्याची पँट चढवलेली. तो म्हणाला, "ताई, पोट आत घे." मी म्हटलं, "सकाळपासून तीन वेळा चहा पाजलास आणि आता पोट आत घे." तो म्हणाला, "चहाचं वजन डॉक्टरांच्या खात्यात टाकू." शर्यत मी कधी पाहिली नाही, त्या सगळ्या दूर दक्षिणेत व्हायच्या. पण ती गाडी माझ्या अंगावर बेतलेली होती.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं. त्या शर्यतीचे दोन नेम फार कडक होते. श्रीमंतांनी पैशाच्या जोरावर जिंकू नये म्हणून एका हंगामात गाडीवर किती खर्च करायचा त्याला हद्द होती. सामान, भाडं, लोकांचे पगार, सगळं त्यात धरायचं. घरच्या माणसाने बिनपगारी हात लावला तर तो धरत नसत. आणि दुसरं म्हणजे पहिली शर्यत झाली की गाडीचा आकार गोठला. त्यानंतर हंगामभरात तीनच बदल करता येत. प्रत्येक बदलासाठी एक चिठ्ठी मिळायची, ती भरून द्यायची, मग तो भाग बदलायचा. दिगूची सगळी मांडणी या तीन चिठ्ठ्यांवर होती.

गाडीच्या दोन्ही बगलांना हवा आत घ्यायची तोंडं असतात, तिथून वारा रेडिएटरला लागतो आणि इंजिन थंड राहतं. तोंड मोठं केलं तर इंजिन थंड, पण तेच तोंड वाऱ्याला अडतं आणि गाडी मागे खेचली जाते. दिगूने तोंडं अगदी अरुंद ठेवली, पोस्टाच्या पेटीच्या फटीसारखी. मी बघूनच म्हटलं, "एवढ्याशाने हिला श्वास पुरेल का रे?" तो म्हणाला, "थंडीत पुरेल. पहिल्या दोन शर्यती थंडीत आहेत, त्यात आपण पुढे निघून जाऊ. उन्हाळा लागायच्या आत चिठ्ठी देऊन तोंड मोठं करायचं." मोठ्या तोंडाच्या दोन बगला आम्ही आधीच करून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, मीच कापड कापलं होतं. पहिल्या शर्यतीनंतर एक चिठ्ठी मागच्या पंखावर खर्च झाली. दोन उरल्या होत्या, दोन बगलांना दोन. डिसेंबरच्या शर्यतीत डॉक्टर दुसऱ्या आल्या. जानेवारीत पुन्हा दुसऱ्या. पहिल्या आलेल्याची गाडी आमच्या तिप्पट लोकांनी बांधली होती असं त्या सांगत होत्या. दिगू तेव्हा गाळ्यात शीळ घालत असे. त्याला शीळ येते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

जानेवारीच्या अखेरीला हिशेब तपासायला त्या शर्यतवाल्यांचा माणूस आला. तिशीचा असेल, लॅपटॉप घेऊन आला होता, बोलायला अगदी अदबीचा. दिगू पावत्या आणायला पोटमाळ्यावर गेला होता. तो माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काकू, हे नाक तुम्ही केलंत? डॉक्टर मॅडम फार सांगतात तुमच्याबद्दल. असं काम मी कुठेच पाहिलं नाही." मी मान खाली घातली. परक्या माणसाने माझ्या कामाबद्दल बोलायची ती पहिलीच वेळ. मग त्याने सहज विचारलं, "तुम्हाला इथे किती मिळतात?" आता काय सांगायचं? काही मिळत नाही, असं सांगायचं? माझा भाऊ मला सहा महिने राबवतो आणि हातावर एक रुपया ठेवत नाही, असं हा माणूस गावभर सांगत फिरेल. असं मला वाटलं. मी म्हटलं, "देतो की. महिन्याला आठ हजार." आकडा मी मनानेच घेतला. आमच्या शेजारची बाई लिफ्टच्या कारखान्यात जायची, तिला आठ मिळायचे.

त्याची बोटं थांबली. त्याला ते ऐकायचं नव्हतं हे मला आज कळतं. त्याने पुन्हा विचारलं, "नक्की ना काकू? कधीपासून?" मी म्हटलं, "ऑगस्टपासून." तोवर दिगू शिडीवरून उतरत होता. त्या माणसाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवून म्हटलं, "दिगंबरजी, यांचा पगार तुमच्या कागदात नाही. तुम्ही घरचं माणूस, बिनपगारी असं लिहिलंय." दिगूने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बघून थोडी हसले, म्हणजे बघ, तुझी लाज राखली असं. तो शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला. पावत्यांची पिशवी त्याच्या हातात होती. मग तो म्हणाला, "हो, आठ हजार. द्यायचे राहिलेत, थकलेत माझ्याकडे. लिहायचं राहून गेलं." त्या माणसाने हळू आवाजात विचारलं, "नीट विचार करून सांगा. मी लिहिलं तर ते धरावं लागेल." दिगू म्हणाला, "लिहा."

सहा महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार झाले. हद्दीला दिगूने जेमतेम बारा हजारांची जागा शिल्लक ठेवली होती. हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून कळलं. हद्द ओलांडली म्हणून उरलेल्या दोन्ही चिठ्ठ्या रद्द झाल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "मी जाऊन सांगते, मी खोटं बोलले." डॉक्टर म्हणाल्या, "शालनताई, दिगंबरभाऊंनी सही केलीय. आता तुम्ही खोट्या ठरलात तर तेही खोटे ठरतात, मग गाडीच बाद." मी गाळ्यात गेले. दिगू मोठ्या तोंडाच्या बगलांवर पोतं पसरत होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "ताई, उद्यापासून येऊ नकोस." तो पाठमोराच राहिला. "तू आलीस की दर महिन्याला आठ हजार चढतात. आणखी चढले तर पुढच्या शर्यतीतून काढतील." नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. मी डबा पिशवीत घातला, कात्री तिथेच ठेवली आणि घरी आले.

त्यानंतरचे महिने मी कुणाला सांगितले नाहीत. सोडलेली गिऱ्हाइकं परत आली नाहीत, त्यांनी दुसरी शिंपीण धरली होती. सकाळी आठला माझे पाय आपोआप चपलेत जायचे. मग मी चप्पल काढून ठेवायची आणि मशीनपाशी बसायची, मशीनवर काही नसायचं. डॉक्टर फोन करून सांगायच्या तेवढंच कळायचं. मार्चच्या शर्यतीत अर्ध्यातच इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेघेवर गेला. सरळ रस्त्यावर, जिथे ती गाडी सगळ्यांच्या पुढे निघायची तिथेच त्यांना पाय उचलावा लागला, इंजिन निवायला. आठव्या आल्या. एप्रिलला अकराव्या. मे महिन्यात इंजिन तापून आतल्या आत आवळलं, जागेवर बंद पडलं. मोहोर लावलेलं इंजिन उघडता येत नाही आणि नवं घ्यायला हद्द शिल्लक नव्हती. गणपतीच्या आधी दिगूने गाळा सोडला, गाडी कुठल्यातरी ओळखीच्या शेडमध्ये ठेवली आणि बसच्या कारखान्यात नोकरी धरली. कल्याणला एक खोली घेतली. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं. आठ महिने आम्ही एकमेकांना भेटलो नाही, फोन नाही. मला वाटायचं, तो चिडलाय. त्याच्याकडे जायला काही निमित्तच नव्हतं, आणि निमित्तावाचून कुणाकडे जाणं मला कधी जमलं नाही. भावाकडेसुद्धा.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तो आला. दारात उभा, हातात पिशवी, पिशवीत बांगडे, मासळीबाजारातले. "स्वस्त मिळाले," म्हणाला. मी तव्यावर टाकले. दोघं जेवलो. हात धुऊन त्याने खिशातून हजार रुपये काढले आणि मशीनच्या फळीवर ठेवले. "हे काय?" मी विचारलं. "तुझा पगार. अठ्ठेचाळीसमधले एक." मी म्हटलं, "दिगू, वेडा आहेस का? ते मी उगाच बोलले होते रे." तो म्हणाला, "मी सही केलीय." मी नोटा त्याच्या खिशात कोंबायला गेले तर त्याने हात धरला. "राहू दे ताई. तुझ्याजागी बाहेरचा माणूस ठेवला असता तर आठच घेतले असते त्याने. आकडा बरोबर होता तुझा." मग चपला घालता घालता म्हणाला, "मी सगळ्याचं वजन केलं, खिळ्यांचं पण केलं. तुझं कामच कुठे धरलं नाही. धरलं नाही म्हणून ते गाडीत नव्हतं असं थोडंच आहे." हे तो रागाने म्हणाला की कसं, मला कळलं नाही. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. मी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी येताना कढीपत्ता आण."

मग तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येत राहिला. सव्वातीन वर्षं. अकराला यायचा, माझ्या मशीनला तेल घालायचा, जेवायचा, हजार रुपये ठेवायचा आणि चारला जायचा. मधल्या वेळात बोलायचा ते गाड्यांचंच. बसची बॉडी कशी नुसती चौकोनी खोकी असते, वाऱ्याचा विचार कुणी करत नाही, मी त्यांना म्हटलं निदान कोपरे गोल करा, तर हसले सगळे... मी ऐकायची. शनिवारी मला झोप लागायची नाही, लहान मुलांना सहलीच्या आदल्या दिवशी होतं तसं. पैसे मी मोजत होते, पण उलटे. अजून तीस, अजून वीस... वीसच्या खाली आल्यावर मला भीती वाटायला लागली. हे संपलं की तो काय म्हणून येईल? एकदा मी म्हटलंही, "एवढी घाई नको करूस, पाचशेच देत जा." तो म्हणाला, "बघू." जानेवारीत पहिल्या रविवारच्या आधीच तो गेला. एकोणचाळीस झाले होते.

काल डॉक्टर मेघना डोंबिवलीला आल्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती. पाणी प्यायल्या आणि पर्समधून एक खाकी पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. मला वाटलं, मदत म्हणून काही आणलंय, मी हात मागे घेतला. त्या म्हणाल्या, "माझे नाहीत, तुमचेच आहेत." मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती गाडी दिगूकडून विकत घेतली होती, त्याच्या अर्ध्या वाट्याचे पैसे देऊन. त्यांच्या इमारतीच्या खाली ती झाकून ठेवलेली आहे. त्या पैशांतून दिगूने त्याच दिवशी माझे उरलेले सगळे बाजूला काढले, तेहतीस हजार, आणि पाकिटात घालून त्यांच्याच दवाखान्यात ठेवायला दिले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो नौपाड्याला जायचा, गाडीवरचं कापड काढून तिच्याभोवती एक फेरी मारायचा, आणि वर येऊन पाकिटातून एक हजार घेऊन जायचा.

मी म्हटलं, "म्हणजे दोन वर्षं पैसे होते?"

"होते की. मी म्हटलं त्यांना, दिगंबरभाऊ, देऊन टाका ना एकदम, बहिणीला बरं पडेल. म्हणाले, एकदम नको." डॉक्टरांनी पाकीट माझ्या पुढ्यात ठेवलं. "म्हणाले, एकदम दिले की संपलं. मग मी काय सांगून जाऊ तिच्याकडे?"

डॉक्टर बसून राहिल्या, दवाखान्याची वेळ होत आली असणार, पण उठल्या नाहीत. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती. मला चार वर्षं जे विचारायचं होतं ते दिगूने दर महिन्याला येऊन सांगितलं होतं, आणि मी मात्र त्याला कढीपत्त्याचं बोलत बसले... त्यालाही माझ्यासारखंच निमित्त लागत होतं. दोघं एका खोलीत समोरासमोर बसून तेच पैसे वाचवत होतो.

मग डॉक्टर म्हणाल्या, "मोजून घ्या शालनताई. माझ्यासमोरच मोजा, मलाही मोकळं वाटेल." मी पाकीट उघडलं. त्यांच्यासमोर मोजले, एकदा सरळ, एकदा उलटे. नऊ हजार होते. आधीचे एकोणचाळीस धरून अठ्ठेचाळीस.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं. "सगळा पगार दिला त्याने."